विश्लेषण : जमिनीच्या पोटातली ऊब आणि गारवा पॉलिहाऊसला परवडेल का?

अमेरिकेतील नेब्रास्का राज्य. बाहेर गुडघाभर बर्फ आणि लांबट हरितगृहात झाडांना लगडलेली संत्री. हा व्हिडीओ कधी ना कधी तुमच्या फोनवर आला असेल. अलायन्स नावाच्या गावातील रस फिंच या निवृत्त पोस्टमनने हे हरितगृह उभारले आणि गरम ठेवण्यासाठी ना कोळसा जाळला ना गॅस. जमिनीखाली नळ्या पुरल्या आणि पंख्याने त्यातून हवा फिरवली. बस्स.

व्हिडीओ खरा आहे. पण तो पाहून ‘मग आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न पडतो, तेव्हा उत्तर एका ओळीत देता येत नाही. जमिनीतील उष्णतेवर हरितगृह चालवण्याचे तंत्र नेदरलँड्ससारख्या देशात व्यवसाय म्हणून उभे राहिले आहे. भारतातही त्याचा नीट मोजमाप केलेला प्रयोग कच्छमध्ये झाला आहे. मावळातील गुलाब आणि नाशिकची द्राक्षे यांच्याशी या विषयाचा थेट संबंध आहे. म्हणून हे तंत्र काय आहे, कुठे चालते आणि कुठे पैसे पाण्यात जातात, हे समजून घेणे गरजेचे आहे.

जमिनीखाली नेमके काय असते?

जानेवारीच्या पहाटे विहिरीवर आंघोळ केलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. हवेत बोटे आखडतात, पण पोहऱ्यातून आलेल्या पाण्याला वाफ येत असते. तेच पाणी मे महिन्यात गार लागते. पाणी मात्र बदललेले नसते, बदललेली असते ती बाहेरची हवा.

ऊन-थंडीचा परिणाम जमिनीत फार खोल जात नाही. दिवस-रात्रीचा फरक हात-दीड हात खोलीवर संपतो. ऋतूंचा फरक तीन-चार मीटरवर बराच मंदावतो आणि दहा मीटरच्या खाली तापमान वर्षभर जवळपास एकच राहते. हा आकडा त्या गावच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास असतो. नेदरलँड्समध्ये तो १० ते १२ अंश सेल्सिअस आहे, अहमदाबादच्या परिसरात तीन मीटरवर सुमारे २७ अंश. महाराष्ट्राच्या पठारावर तो पंचवीस अंशांच्या थोडा वर-खाली धरायला हरकत नाही. या दोन आकड्यांतील फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. वज्रेश्वरी किंवा उन्हवरेचे गरम पाण्याचे झरे ही वेगळी गोष्ट. तिथे पाणी खूप खोलवरून तापून वर येते. आपण बोलतोय ते कोणत्याही शेताच्या खाली असलेल्या, सूर्यानेच वर्षानुवर्षे तापवलेल्या साध्या जमिनीबद्दल.

हीट पंप म्हणजे काय? तो नसला तर चालत नाही का?

घरातील फ्रिजच्या मागे हात लावून पाहा, गरम लागेल. आतल्या भाजीतील उष्णता काढून फ्रिज ती मागे सोडत असतो. हीट पंप हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. बोअरमध्ये किंवा चरात पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून पाणी फिरते, जमिनीची ऊब घेऊन वर येते. कॉम्प्रेसर ती ऊब ‘वरच्या’ तापमानाला नेतो आणि हरितगृहातील पाइपांत सोडतो. उन्हाळ्यात हाच खेळ उलटा. हरितगृहातील उष्णता उचलून जमिनीत.

यात फायदा असा की वीज उष्णता तयार करण्यासाठी नव्हे, ती हलवण्यासाठी खर्च होते. चांगला पंप एक युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता देतो. साध्या हीटरमध्ये एका युनिटला एकच.

फिंच यांच्या हरितगृहात मात्र हीट पंप नाही. तिथे फक्त नळ्या आणि पंखा आहे. नेब्रास्काच्या त्या भागात अडीच मीटरवर जमीन सुमारे ११ अंशांवर असते. ही हवा आत खेळवून झाडे गोठण्यापासून वाचवायची, एवढेच उद्दिष्ट. तिथे कोणी संत्र्याला २५ अंश द्यायला जात नाही. काम छोटे ठेवले म्हणून खर्च छोटा राहिला. व्हिडीओत हे वाक्य सहसा ऐकू येत नाही.

नेदरलँड्सचे शेतकरी याकडे का वळले?

कारण त्यांच्या पायाखालचा गॅस संपत आला. १९५९ मध्ये ग्रोनिंगन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि त्या स्वस्त गॅसवर डच काचघरांचा धंदा वाढला. आज तिथे सुमारे १० हजार हेक्टरवर काचघरे आहेत आणि देशात वापरल्या जाणाऱ्या गॅसचा जवळपास दहावा हिस्सा एकेकाळी तीच पीत असत. गॅस काढल्यामुळे ग्रोनिंगनमध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथले उत्पादन थांबवण्यात आले.

त्याआधीच युक्रेन युद्धाने कंबरडे मोडले होते. युरोपात गॅसचा घाऊक दर ऑगस्ट २०२२ मध्ये प्रति मेगावॉट-तास ३०० युरोंच्या पुढे गेला. काही वर्षांपूर्वी तो २० युरोंच्या आसपास होता. त्या हिवाळ्यात अनेक डच शेतकऱ्यांनी काचघरे रिकामी किंवा थंडच ठेवली. ज्यांच्याकडे जमिनीतील उष्णतेची सोय होती, त्यांना गॅसच्या भावाची झळ कमी बसली.

डच पद्धत नुसत्या नळ्यांची नाही. तिथे वाळूच्या थरात भूजल भरपूर आहे. साधारण ५० ते २०० मीटर खोलीच्या दोन विहिरी घेतात, एक ‘थंड’, एक ‘उबदार’. उन्हाळ्यात थंड विहिरीचे पाणी काचघरातून फिरवतात. ते आतली उष्णता घेऊन १८-२० अंशांचे होते आणि उबदार विहिरीत सोडले जाते. हिवाळ्यात उलट प्रवास. तेव्हा हीट पंप त्या पाण्यातील ऊब काढतो आणि गार झालेले पाणी पुन्हा थंड विहिरीत जाते. म्हणजे उन्हाळ्याचे ऊन जमिनीत साठवून ते जानेवारीत वापरायचे. आपल्याकडे सांगलीजवळच्या हरिपूरला हळद पेवात ठेवत, तसे त्यांनी ऋतू पेवात ठेवला. जमिनीत सोडायच्या पाण्याला साधारण २५ अंशांची मर्यादा आणि घेतलेली-दिलेली उष्णता यांचा ताळमेळ ठेवण्याचे बंधन आहे. नाहीतर काही वर्षांत विहीर ना थंड उरते ना उबदार.

मग तिथे सगळे सुरळीत आहे?

तसे नाही. २००० नंतरच्या दशकात ‘बंद काचघर’ ही कल्पना तिथे जोरात होती. खिडक्या उघडायच्याच नाहीत, सगळा गारवा जमिनीतून. उत्पादन वाढले, पण उन्हाळ्यातील भर दुपारचा गारवा पुरवण्यासाठी लागणारी यंत्रणा इतकी महाग पडली की बहुतेकांनी ‘अर्धबंद’ पद्धत स्वीकारली. दुपारी खिडक्या उघडा, बाकी वेळ जमिनीवर चालवा.

दुसरी अडचण कुणाच्या सहज लक्षात येत नाही. गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि डच शेतकरी तो शुद्ध करून झाडांना देतात, त्याने टोमॅटो वाढतो. हीट पंपातून धूर नाही, म्हणजे हा खुराकही नाही. त्यामुळे रॉटरडॅमच्या कारखान्यांतील कार्बन डायऑक्साइड पाइपलाइनने शेकडो काचघरांपर्यंत नेला जातो. एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा राहतो, तो असा.

आणि यंत्राआधी त्यांनी पडदे लावले. रात्री छताखाली दुहेरी कापडी पडदा ओढला की उष्णतेची गळती बरीच घटते.

भारतात असा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि तो मराठी वाचकाला डच उदाहरणापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील गिरजा शरण यांनी आधी गुजरातमध्ये एका नळीची चाचणी घेतली. ५० मीटर लांब, १० सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी, तीन मीटर खोल पुरलेली. मे महिन्यात तिच्यातून गेलेली हवा सुमारे १४ अंशांनी थंड झाली. जानेवारीच्या रात्री जवळपास तितकीच गरम झाली.

मग कच्छमधील अबडासा तालुक्यात कोठारा येथे अशा नळ्यांना जोडलेले हरितगृह उभे राहिले. जागा मुद्दाम अशी निवडलेली. पाणी कमी आणि जे आहे ते खारे. पंखा आणि ओल्या पॅडची नेहमीची पद्धत तिथे चालत नाही, कारण खाऱ्या पाण्याने पॅडवर क्षार चढून ते बुजतात. नळ्यांच्या पद्धतीला पाणी लागतच नाही. हिवाळ्याच्या रात्री सुमारे ९ अंशांवर असलेले हरितगृह अर्ध्या तासात २२-२३ अंशांवर आणता आले. उन्हाळ्यात मात्र सावलीचे कापड आणि वायुवीजनाची जोड द्यावी लागली. तरीही आतले तापमान पस्तिशीच्या आसपासच रोखता आले. टोमॅटोचे उत्पादन उघड्या शेतापेक्षा चांगले आले आणि पाणी कमी लागले. याच शरण यांनी कोठाऱ्यात दव गोळा करून पिण्याचे पाणी मिळवण्याचेही प्रयोग केले, हे जाता जाता.

थंड प्रदेशात आपल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने लेहमध्ये जमिनीत खोदलेल्या चरांवर प्लॅस्टिक अंथरून भाजी पिकवण्याची पद्धत रुजवली. तिथे ना पंखा ना पंप, झाडच जमिनीच्या कुशीत.

महाराष्ट्रातील पॉलिहाऊसला याची गरज केव्हा पडते?

आपली बहुतेक पॉलिहाऊस नैसर्गिक वायुवीजनाची असतात. बाजूचे पडदे गुंडाळायचे, वरची खिडकी उघडी, फॉगर, वर पांढरा रंग किंवा शेडनेट. दहा महिने यावर भागते. अडचण येते ती दोन टोकांना.

पहिले टोक मावळात. व्हॅलेंटाइन डेसाठी तळेगावच्या परिसरातून गुलाब परदेशात आणि मोठ्या शहरांत जातो. त्यासाठी साधारण दीड महिना आधी झाडांची कापणी करतात, म्हणजे फुले जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून हाती येतील. थंडी लांबली की कळी अडते, फुले आठवडाभर उशिरा येतात आणि १४ फेब्रुवारी काही थांबत नाही. थंडी पडलीच नाही तर फुले लवकर उमलून भाव पडतो. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग या पंधरा दिवसांवर असतो.

दुसरे टोक एप्रिल-मे. विदर्भ-मराठवाड्यात बाहेर ४२ अंश असताना आत ढोबळी मिरचीची फुले गळतात. फॅन-पॅड लावले तर पाणी हवे, आणि पाणी तेव्हाच नसते.

आकडेमोड काय सांगते?

एक एकर, म्हणजे सुमारे ४ हजार चौरस मीटरचे पॉलिहाऊस घेऊ. हा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा.

आधी थंडी. बाहेर ८ अंश, आत १४ अंश ठेवायचे. एकेरी प्लॅस्टिकमधून होणारी गळती धरली तर सुमारे १९० किलोवॉट उष्णता लागते. हीट पंपाला त्यासाठी ४७ किलोवॉट वीज हवी, म्हणजे ६३ एचपीचा लोड. शेतकऱ्याची मोटर असते पाच किंवा साडेसात एचपीची. बाकीची १४० किलोवॉट जमिनीतून आणायची. बोअरच्या एका मीटरमागे ५० वॉट मिळतात असे मानले, तर १०० मीटरचे २८ बोअर. आणि हे सगळे वर्षातील दहा-पंधरा रात्रींसाठी. शिवाय शेतीचा वीजपुरवठा पाळीने, आठ तासांचा. ज्या रात्री थंडी पडेल त्या रात्री फीडर चालू असेलच, याची हमी कोण देणार? आता तर दिवसा सौर वीज देण्यावर भर आहे, आणि हा पंप नेमका रात्री मागतो.

आता ऊन. मेच्या दुपारी झाडांनी बाष्पोत्सर्जनात खर्च केलेली उष्णता वजा जाता एकरी अंदाजे १,२०० किलोवॉट बाहेर काढावे लागतात. कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता मिळवली तर जमिनीत १,५०० किलोवॉट सोडायचे. म्हणजे १०० मीटरचे ३०० बोअर, जवळपास ९८ हजार फूट ड्रिलिंग! फुटाचा दर तुमच्या गावचा तुम्हाला ठाऊक आहे, गुणाकार करून पाहा. निम्मी सावली केली तरी दीडशे बोअर उरतात.

याउलट तेवढीच उष्णता पाणी उडवून काढायची तर दिवसाला सरासरी निम्मा भार धरून आठ तासांत सुमारे ७ हजार लिटर पाणी लागते. पाऊण टँकर. म्हणूनच फॅन-पॅड आजही स्वस्त वाटते, जोवर टँकर मिळतो तोवर.

म्हणजे आपल्यासाठी हे निरुपयोगी?

अख्ख्या पॉलिहाऊससाठी, आजच्या भावात, हो. आणि हे स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘जमिनीतून फुकट एसी’ अशा जाहिराती सहज भुरळ घालतात. मुळात आपली जमीन २५-२७ अंशांची. डच शेतकऱ्याला १० अंशांचे पाणी कॉम्प्रेसर न लावता गारवा देते, आपल्याला ती चैन नाही. शिवाय तिथला हिवाळा विहीर पुन्हा थंड करून देतो. आपल्याकडे आठ महिने उष्णता ओतायची आणि परत काढायची जेमतेम दोन महिने. काही वर्षांत बोअरभोवतीचा खडकच तापत जाईल.

मातीचाही प्रश्न आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. नळीभोवती हवेची पोकळी पडली की उष्णतेची देवाणघेवाण मंदावते. ओली माती उष्णता चांगली वाहते, कोरडा मुरूम वाहत नाही. गंमत अशी की जेव्हा गारवा सर्वाधिक हवा तेव्हाच जमीन सर्वाधिक कोरडी. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवा नळीत गार झाली की पाणी सुटते, बुरशी धरते. कोकणात तर नळ्यांत भूजल शिरण्याची भीती. म्हणून नळीला उतार आणि टोकाला पाणी काढायची सोय केल्याशिवाय कुणी खड्डा बुजवू नये.

पण काम छोटे केले की चित्र बदलते. रोपवाटिकेतील उगवणीची खोली, ऊतिसंवर्धित रोपे बाहेर काढण्याआधी ठेवायचे छोटे हरितगृह, अळिंबीची खोली. जागा शे-दोनशे चौरस मीटर, पीक महाग, आणि चार रात्रींचे नुकसान हंगाम बुडवणारे. इथे तीन मीटर खोल चार-आठ नळ्या आणि एक पंखा, कच्छच्या धर्तीवर, विचार करण्याजोगे आहे.

दुसरी वाट मुळांची. सगळी हवा थंड करण्याऐवजी फक्त मुळांभोवतीचे माध्यम थंड ठेवायचे. जपानमध्ये स्ट्रॉबेरीच्या बुंध्याजवळून नळी नेऊन त्यात २० अंशांच्या आसपासचे पाणी फिरवतात. कोकोपीटवरील जरबेरा किंवा पाण्यावर वाढणाऱ्या पालेभाज्यांत द्रावणाची टाकी जमिनीत पुरणे, द्रावण बोअरच्या पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यातून फिरवणे, हे तर हीट पंपाशिवायही करता येते. मे महिन्यात उन्हातल्या काळ्या नळीतील पाणी चाळिशी ओलांडते, तिथे २७ अंशही मोठा दिलासा.

नाशिक-निफाडचा द्राक्ष उत्पादक तर हे केव्हापासून करतोच आहे. पारा चार-पाच अंशांवर उतरला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि विहिरीचे पाणी ठिबकने सोडले जाते. ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी उबदार असते. जमिनीची ऊब बागेत आणण्याचा हा सर्वांत स्वस्त पंप, फक्त त्याला कुणी तसे नाव दिलेले नाही.

कुणी प्रस्ताव घेऊन आले तर काय विचारायचे?

पहिला प्रश्न यंत्राचा नाही, पडद्याचा. रात्रीचा उष्णतारोधक पडदा लावला आहे का? तो नसताना पंप विकत असतील तर उठून यावे. दुसरे, आपल्याच शेतात तीन मीटरवर मे आणि जानेवारीत किती तापमान असते, हे त्यांनी मोजले आहे का, की दुसऱ्या देशाचा आकडा दाखवत आहेत? सलग दहा तास चालवल्यावर नळीतून बाहेर येणारी हवा किती अंशांची राहते, हेही विचारावे. पहिल्या तासाचा आकडा नेहमीच देखणा असतो, कारण तेव्हा नळीभोवतीची माती ताजी असते. आणि वीज कोणत्या वेळेला, किती लोडने लागणार, ते लेखी घ्यावे.

यातले एक मोजमाप मात्र विक्रेत्याची वाट न पाहता करता येते. साधा थर्मामीटर घ्या, बोअरची मोटर दहा मिनिटे चालू द्या आणि पाण्याचे तापमान वहीत लिहा. जानेवारीत पहाटे एकदा, मेमध्ये दुपारी एकदा, आणि शेजारी त्या वेळचे हवेचे तापमान.